उष्टावणाची इंग्रजी वाटी

आमच्या घरी जेवायला जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची ताटं होती, तीही माणसांपेक्षा कमी. बाप जेवून उठला की त्याचं ताट विसळून मला मिळायचं. आई सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी उजळायला जायची. दिवसभर हात चिंचेच्या कोळात, संध्याकाळी बोटं पांढरीफटक. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. धुळ्याला एसटीनं जाऊन-येऊन पदवी घेतली, आणि हे मी मान वर करूनच सांगतो.

आता जळगावला नोकरी करतो. मागे धुळ्यात एका जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. इंग्रजांच्या काळातली चांदी मांडलेली : चहाची किटली, साखरेचा चिमटा, काटे, सुऱ्या. नुसतं बघायला गेलो होतो. पण कडेला लहान मुलाची दोन कानांची वाटी आणि चमचा दिसला. वाटीच्या बुडाला सिंहाचा शिक्का, अस्सल इंग्रजी चांदीची खूण. आमच्या मुलीचं उष्टावण तोंडावर आलं होतं. घास भरवायचा मान मामाचा, पण खीर माझ्या आईनं याच वाटीत वाढावी, असं मनानं घेतलं.

बोलीला बहुतेक सराफ. त्यांचा हिशेब वजनाचा. किटली गेली, चिमटा गेला, सगळं मुशीत जाणार. वाटीवर मी बोलतच राहिलो तेव्हा शेजारचे सराफ हसले. "सर, वितळली की इंग्रज काय नि खान्देशी काय, चांदी ती चांदी."

"म्हणून तर वितळू द्यायची नाही," मी म्हणालो.

चांदीच्या भावाच्या वर बोली गेली तसे ते थांबले. वाटी मला मिळाली.

घरी आईनं ती हातातसुद्धा घेतली नाही. ती माळकरी. परक्याच्या ताटातलं भांडं, त्यात त्यांनी काय काय खाल्लं असेल कोण जाणे. तिच्या लेखी जुनं भांडं मोडीत द्यायचं आणि नवं घडवून आणायचं, हीच रीत.

"भाऊ, उष्टं शे हाई. मोडमा दी टाक."

मी शिक्का दाखवला, जुनेपणाचं महत्त्व सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. बायकोनं मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि चमचा आईच्या सुपाशेजारी ठेवून दिला.

थोड्या वेळानं आईनं तो उचलला. कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, उजेडात धरला. कडेला बारीक बारीक खाचा होत्या.

"पोरना दात लागेल शेतस," ती म्हणाली. मग स्वतःशीच हसली आणि त्या पोराला लाडानं शिवी दिली. "दात येतांना चावं व्हई मरीजायजोगं."

मी विचारलं, मग उष्ट्याचं काय?

"पोरनं उष्टं कोनी धरत नही."

उठली, चिंच भिजत घातली. वाटी-चमचा असा घासला की सिंह चमकायला लागला. उष्टावणाच्या दिवशी खीर तिनंच वाढली, मामानं भरवली. मुलीनं चमचा हिरड्यांत धरला तो सोडेचना.

वाटी मोडीत गेली नाही. ती आमच्या घरात आहे, आणि मुलगी तिच्यात रोज वरणभात खाते.