दसऱ्याच्या पाटावरची टॉमी गन

माहेरी मला म्हणायचे, हिच्यापुढे साक्षात देव उभा राहिला तरी ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये उभी हयात लोकांना भूल देण्यात गेली, पण मी स्वतः सहसा कशाला भुलले नाही. त्यामुळे आमच्या ह्यांनी घरात टॉमी गन आणली, त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

ब्रिस्टलला जुन्या लष्करी सामानाचा बाजार भरला होता. मी गाडीत थर्मास घेऊन बसले होते. हे ब्लँकेटमध्ये काहीतरी गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून आले.

"अगं, डीॲक्टिव्हेटेड आहे. गोळी सुटूच शकत नाही, टोटली सेफ. तसा शिक्काच मारलाय तिच्यावर."

तो शिक्का मला चष्मा लावूनही दिसला नाही. खरी निघाली तर ह्या देशात सरळ तुरुंग, तोही ह्या वयात.

माझे सासरे मराठा पलटणीबरोबर इटलीत लढले होते. त्यांच्या हातात हीच बंदूक होती, म्हणून हा सोस. तिचा इतिहास ह्यांना तोंडपाठ. पहिल्या महायुद्धात खंदकांत लढायला म्हणून ती बनवली, पण तयार होईस्तोवर युद्धच संपलं. गिऱ्हाईक मिळेना. मग अमेरिकेत चोरटी दारू विकणाऱ्या टोळ्यांच्या हाती पडली आणि कायमची बदनाम झाली. पुढच्या युद्धात ब्रिटिशांना हत्यारं कमी पडली, तेव्हा गुंडांच्या ह्याच बंदुकीला मानानं बोलावणं गेलं. तिचा गोळ्यांचा गोल डबा चालताना खुळखुळायचा, म्हणून सैनिक त्याऐवजी लांबट, चपटं मॅगझिन लावायचे. हे सगळं हे न अडखळता सांगत. मला त्यातलं गुंडांचंच तेवढं लक्षात राही.

मग एकदा ह्यांना फोनवर मित्राला सांगताना ऐकलं, "एडिनबराला ऑक्शनमध्ये मिळाली." मुलीला सांगितलं, हाडाचं ऑपरेशन केलेल्या एका पेशंटनं दिली. माझे कान टवकारले. ब्रिस्टलची माझ्या डोळ्यांदेखत आणलेली, मग एडिनबराची कुठली? म्हणजे घरात आणखी एक आहे! हे बाहेर गेले की मी गॅरेज आणि लॉफ्ट उपसायची. काही सापडलं नाही, त्यानं संशय वाढलाच.

दसऱ्याला आम्ही शस्त्रपूजा करतो. पाटावर ह्यांची हाडांच्या ऑपरेशनची हातोडी, माझा स्टेथोस्कोप आणि लॅपटॉप असतो. ह्या वर्षी मधोमध टॉमी गन, हळदकुंकू लावून. वर ह्यांनी हौसेनं फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, "शुभ दसरा!" तो तिथून कुठे कुठे फिरला देव जाणे. दुपारी दारात पोलीस उभे.

पोलीसबाईंनी हातमोजे घालून बंदूक उचलली, टॉर्च मारला, अंगठ्यानं कुंकू पुसलं. त्याखाली बारीक शिक्का होता. नळी बंद, आत सगळं निकामी. ब्रिस्टलची ती बंदूक अगदी सरळमार्गी निघाली.

"कुठून घेतलीत?" त्यांनी सहज विचारलं.

"माय फादर ब्रॉट इट. फ्रॉम इटली," हे म्हणाले.

सासरे इटलीहून आले ते एक कांबळं आणि मलेरिया घेऊन. हे खोटं बोलताना डावा कान खाजवतात, मला लग्नापासून माहीत आहे. आत्ता हात मांडीवर शांत होते. ह्यांना ते खरंच वाटत होतं.

मी ब्रिस्टल म्हणाले. पोलीसबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि आवाज एकदम मऊ केला. त्या मऊपणाची मला भीती वाटली. पेशंटच्या बायकांशी मी तस्साच आवाज काढत असे.

ते गेल्यावर हे खुशीत म्हणाले, "बघ, उगाच संशय घेत होतीस."

"हो," मी म्हणाले. "अहो, आज सण कोणता आहे?"

हे हसले. मग हसू ओसरलं. पाटावरची झेंडूची फुलं, हातोडी, बंदूक, सगळं एकेक करून पाहिलं.

"थांब," हे म्हणाले. "सांगू नकोस."