यादीतल्या एक्याऐंशी बायका

खडकमाळच्या ग्रामपंचायतीपुढचा झेंड्याचा कट्टा वर्षातून दोनदा चुन्याने पांढरा व्हायचा. चौदा ऑगस्टला आणि पंचवीस जानेवारीला. हे काम तुकाबाईला कुणी सांगितलेलं नव्हतं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली ती साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली आणि मतदार यादीवर बोट ठेवून तिने स्वतःचं नाव वाचलं. मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातली बाई. जन्मतारीख ठाऊक नाही, शाळेचा दाखला नाही. पण दिल्लीत बसणाऱ्याला आधी आपल्याला विचारावं लागतं, ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरली ती कायमची. त्याच आठवड्यात तिने कट्ट्याला पहिल्यांदा चुना दिला.

पुढे कट्ट्यासमोर देशी दारूचं परवान्याचं दुकान आलं. परवाना सावळेरामआबांच्या मेव्हण्याचा. आबा तीनदा सरपंच झालेले, गावातलं पान त्यांना विचारून हलायचं. दुकानातून निघालेलं गिऱ्हाईक कट्ट्यावर टेकायचं, थुंकायचं, तिथेच लवंडायचं. २००८ च्या पंधरा ऑगस्टला सकाळी तुकाबाई आली तर आदल्या दिवशीच्या चुन्यावर कुणीतरी ओकून ठेवलं होतं. गणवेश घातलेली शाळेची पोरं नाक दाबून रांगेत उभी होती. माईकवरून गाणं चालू होतं. ती पाण्याची बादली घेऊन आली, गुडघ्यावर बसली आणि सगळ्या गावादेखत तिने ते धुतलं. एकही पुरुष पुढे आला नाही.

घरी गेल्यावर जालिंदरने, तिच्या नवऱ्याने, विचारलं, "धुतलंस का?"

"धुतलं. आता दुकान धुयाचं."

त्या वर्षी बायकांना नवं हत्यार मिळालं होतं. सह्या गोळा करायच्या, अर्ज द्यायचा, मग सरकार गावात फक्त बायकांचं मतदान घेणार. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक बाटली उभी, एक आडवी. आडवीवर शिक्के जास्त पडले की दुकान बंद. तुकाबाईने सह्यांसाठी उंबरे झिजवले. सोबतीला डिंगोऱ्याहून गावात सून म्हणून आलेली शेजारची अश्विनी होती, बी.ए. झालेली. आबांनी अडवलं नाही. पारावर बसून तेवढं म्हणाले, "करा गं, करा. बायकांचं राज्य हाय. आमी आता भाकरी थापायला शिकतो."

अश्विनीने मतदार यादी चाळली आणि थबकली. "काकू, यात गेलेल्या बायका लई हायत. ही नावं आधी काढाया पायजेत."

तुकाबाईला ते माहीत होतं. गेलेल्या माणसाचं नाव कमी करायला खडकमाळात कुणी जात नसे. नाव काढायचं म्हणजे त्या माणसाला पुन्हा सरणावर ठेवायचं, असं म्हणत. तिने स्वतःच आपल्या सासूचं, भागूबाईचं नाव चौदा वर्षं तसंच ठेवलं होतं. यादी वाचताना ते नाव आलं की तिला बरं वाटायचं.

"राहू दे गं," ती हसून म्हणाली. "मेलेल्या काय शिक्का मारायला येत्यात व्हय?"

मतदान जानेवारीतल्या रविवारी झालं. मेंढरं घेऊन शिरूरकडे गेलेल्या घरांतल्या नऊ बायका जालिंदरने टेम्पो करून आणल्या. एका म्हातारीला सुनांनी खाटेसकट उचलून आणलं. संध्याकाळी शाळेत मोजणी झाली. आडवी बाटली दोनशे एकोणनव्वद. उभी बावीस. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, कुणीतरी गुलाल उधळला.

अधिकाऱ्याने हात वर केला. "थांबा, बाई. यादीत सहाशे चाळीस महिला आहेत. अर्ध्याहून जास्त, म्हणजे तीनशे एकवीस मतं आडवी हवी होती. ठराव नामंजूर. आता वर्षभर अर्ज करता येणार नाही."

"आन् ज्या आल्याच न्हाईत?" तुकाबाईने विचारलं.

"जी आली नाही ती उभ्या बाटलीकडे धरली जाते. कायदाच तसा आहे."

दुकानापुढे फटाक्यांची माळ लागली. दोनशे एकोणनव्वद हरल्या आणि बावीस जिंकल्या. गुलाल लागलेले चेहरे घेऊन बायका अंधारायच्या आत आपापल्या घरी निघून गेल्या. तुकाबाई शाळेच्या पायरीवर यादी उघडून बसली. अश्विनी एकेक नाव वाचत गेली, आणि आठवून आठवून तिने खुणा केल्या. मेलेल्या एक्याऐंशी. तेवढी नावं निघाली असती तर दोनशे ऐंशी मतं पुरली असती. तिचा राग आधी दुकानावर होता, मग आबांवर. आता तो फिरून तिच्याच तोंडावर आला. मेलेल्या शिक्का मारायला येत्यात व्हय? आल्या होत्या. तिनेच त्यांना आणलं होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडा फडकला आणि तिथेच मंडपात ग्रामसभा बसली. आबा बोलायला उभे राहिले. आपला देश जगातली सगळ्यात मोठी लोकशाही, गरिबातला गरीब इथे राजा, असं म्हणत त्यांनी झेंड्याकडे हात केला. टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत तुकाबाई उठली.

"मला यादी वाचायची हाय."

"कसली यादी?" ग्रामसेवकाने विचारलं.

"उभ्या बाटलीला मत देणाऱ्या बायकांची." तिने यादी उघडली. "भागूबाई नवसू. माझी सासू. चौऱ्याण्णव साली गेली. औंदा तिनं दारूला मत दिलं. नाव मी ठिवलं व्हतं, पाप माझं."

तिने दुसरं नाव वाचलं. साल सांगितलं. "दारूला मत." तिसरं. चौथं. ज्यांच्या घरची नावं येत होती ते पुरुष मान खाली घालू लागले. मागून एकजण ओरडला, "ए तुकाबाई, गेलेल्या माणसांची इज्जत काढती का?" ती थांबली नाही. बाराव्या नावाला तिचा आवाज चढला.

"सोनीबाई चिमाजी. सावळेरामआबांची आई. दोन हजार एकला गेली. दारूला मत."

सोनीबाईने उभ्या जन्मात पिऊन आलेल्या माणसाला उंबरा ओलांडू दिला नव्हता. सख्ख्या भावालासुद्धा नाही. हे मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आबा तिच्या अंगावर धावून आले. "माझ्या आईचं नाव त्या दुकानाला लावू नको! जीभ हासडीन!"

"मी कुठं लावलं, आबा? तुमी लावलंय. आठ वर्सं."

भोवती बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. अश्विनीने नाव कमी करायचा कोरा अर्ज पुढे धरला. आबांनी तो हिसकावला, खुर्चीच्या पाठीवर ठेवून सही केली, इतक्या जोरात की कागद फाटला.

"दुसरा दे त्यांना," तुकाबाई म्हणाली. "फाटका चालत न्हाई."

आबांनी पुन्हा सही केली आणि मंडपातून निघून गेले. मग रांग लागली. तुकाबाईला आनंद झाला नाही. सह्या गोळा करताना या रांगेतल्या प्रत्येकाला ती दारात भेटली होती; हा अर्ज तेव्हाच पुढे करता आला असता.

एक्याऐंशी अर्ज तिने ग्रामसेवकाच्या हाती दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती आणि अश्विनी जुन्नरच्या तहसील कचेरीत गेल्या. कचेरीतल्या कारकुनाने गठ्ठा पाहिला. "ठेवून जा, आजी. चौकशी होईल, मग नावं निघतील."

"चौकशीला कवा येताय?"

"कळवू."

"मग आमी हितंच बसतो."

तिने दाराशी बैठक मारली. कारकून हसला, चहा पिऊन आला, जेवून आला. त्या तिथेच. दुसऱ्या दिवशीही त्या आल्या. तिसऱ्या दिवशी सोबत खडकमाळच्या चाळीस बायका होत्या, भाकरी बांधून आलेल्या. मग चौकशी झाली. पंधरा दिवसांनी कारकुनाने तिच्यासमोर यादी उघडली आणि लाल पेन काढलं.

पहिली रेघ भागूबाईच्या नावावर पडली. तुकाबाईने दात आवळले.

"पुढं," ती म्हणाली.