वाकलेली राहिली ती

माझी धाकटी बहीण मीना आणि मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जोडीनं गातो. दुपारी मोबाइलवर एका जपानी जोडीचे कार्यक्रम बघत बसतो. दोघी जुन्या इंग्रजी रॉकच्या वेड्या. गिटारी तशाच, झिपऱ्याही तशाच. गाणं संपलं की कमरेत वाकून नमस्कार करतात. सुरुवातीला एकदम वाकायच्या, एकदम उठायच्या. पुढे सभागृहं मोठी झाली आणि डावीकडची जरा आधी उठू लागली. टाळ्या वाढल्या तसं ते अंतरही वाढलं. जोडी भांडणानं फुटते म्हणतात. पण भांडणारी माणसं निदान एकमेकींकडे बघत तरी असतात. शेवटच्या कार्यक्रमात डावीकडची सरळ होऊन विंगेकडे बघतेय आणि दुसरी अजून वाकलेलीच आहे. तिला पत्ताच नाही.

"हिला कुणी सांगत कसं नाही?" मी म्हटलं.

"ताई, दुसरं काहीतरी लाव," मीना म्हणाली.

संध्याकाळी मंगल कार्यालयात आम्ही गायलो. शेवटचा सूर संपला. नेहमीसारखे मी डोळे मिटून, वाकून हात जोडले. मी वाकलेलीच होते, तेवढ्यात शेजारी मीनाच्या माइकचं बटण खट्ट करून बंद झालं.