न्हाणीघराचा झरोका

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमच्या घरात लिंबू-मिरचीसुद्धा फक्त जेवणातच असायची. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही... मीही हसलेच असते.

गोष्ट सांगलीची, कोयनेच्या भूकंपाच्या आधीची. आम्ही गावभागात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. ह्यांना ऑफिसच्या जवळची जागा हवी होती, पण मी हट्टाने हीच घेतली, कारण इथे न्हाणीघर घरातच होतं. बाहेर सगळ्यांसोबत रांगेत बादली घेऊन उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. मालकीणबाई पुढच्या खोलीत एकट्या राहायच्या. त्यांना सगळे चाची म्हणत. आठवडी बाजारात बांगड्या भरायचा त्यांचा धंदा.

न्हाणीघराला ओल होती, हे घर घेतानाच दिसलं होतं. पण वर छताजवळ वीतभर झरोका होता, उन्हाची तिरीप आत यायची, आणि बंब पेटला की भिंती सुकायच्या. म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही.

मग पलूसहून धाकटी बहीण शकू बाळंतपणाला आली. आई गेलेली, तेव्हा माहेर म्हणजे मीच. मुलगा झाला. बाळंतिणीची बाज न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत टाकली आणि पहिलं काम काय केलं असेल, तर स्टुलावर चढून तो झरोका जुन्या लुगड्याच्या बोळ्याने गच्च बुजवला. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हे माझ्या आईने केलं, तिच्या आईने केलं. मीही केलं. त्यावर रोज हंडेच्या हंडे कढत पाणी, तेल, शिकेकाई, वाफ... आठवड्यात भिंत काळी पडली. चुन्यात मोरचूद घालून दोन हात दिले, तरी बुरशी पुन्हा वर आली. खोलीत कुबट वास भरला. आणि बाळाची छाती घरघरायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "खोलीत हवा येऊ द्या." मी मान डोलावली आणि घरी येऊन बोळा आणखी आत दाबला. त्यांना काय कळतंय बाळंतपणातलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी झरोका उघडा. बोळा बंबाच्या झाकणावर. मी पुन्हा बुजवला. पुन्हा उघडा. शकू तर बाजेवरून उठतही नव्हती. मला वाटलं, हे चाचीचंच काम. भिंती खराब होतायत म्हणून भाडेकरूच्या घरात हात घालते. मी तिला अंगणात गाठून चार शब्द सुनावले.

"आवं वैनी, मी कशाला बोळा काढू?" चाची म्हणाली. "माझा हात तरी पोचंल का तितं?"

हात खरंच पोचला नसता, एवढीशी बाई ती. पण मला ते मान्य करायचं नव्हतं.

पुढच्या बाजाराला चाची सकाळच्या एसटीने विट्याला गेली. दुपारी शकूचं न्हाणं उरकलं, मी बोळा कोंबला, न्हाणीघराला बाहेरून कडी घातली आणि बाळाला मांडीवर घेऊन त्याच दाराला पाठ टेकून बसले. शकू समोर झोपलेली. बाळाचा श्वास अडकत होता, ओठ निळसर वाटत होते. मी घाबरून त्याची छाती चोळत होते. ह्यांना बोलवायला कोणाला पाठवावं, हेच डोक्यात.

तेवढ्यात पाठीला वारं लागलं. दाराच्या फटीतून... कोरडं, उन्हाचा वास असलेलं. बाळाची घरघर हळूहळू कमी झाली. त्याने जांभई दिली आणि झोपलं.

मी कडी काढली. झरोका उघडा होता, भिंतीवर ऊन होतं. आत कोणी नव्हतं. बोळा सोडवून, त्या लुगड्याची त्रिकोणी घडी घालून बंबावर ठेवली होती. लंगोटाची घालतात तशी.

संध्याकाळी चाची आली, तेव्हा मी तिला ती घडी दाखवली. खरं तर माफी मागायची होती. ती बघताच खाली बसली.

"ह्याच खोलीत माझ्या सुनंचं बाळ गेलं," ती म्हणाली. "असंच घरघरायचं. सून म्हनायची, आम्मा, झरोका उघडा. मी न्हाई उघडला. वारं लागंल म्हनलं."

मला वाटलं, आता उलगडलं. मी दबकत विचारलं, "सून कधी वारली?"

"वारली कुटं? मिरजंला नांदतीया. दुसरं लगीन झालं तिचं, दोन पोरं हायती."

चाची त्या लुगड्यावरून हात फिरवत राहिली.

"वैनी," ती म्हणाली, "माझ्या नातवाच्या टायमाला ह्ये का न्हाई झालं वं?"

त्यानंतर आम्ही झरोका बुजवला नाही. भिंती वाळल्या, चुना टिकला, बाळ सुधारलं. पुन्हा तसलं काही घडलं नाही. पोरगं खिदळायला लागलं आणि चाची अंगणात दिसली की मी त्याला उचलून आत न्यायची. तिने बघू नये म्हणून नव्हे... मला तिच्याकडे बघवत नसे.

तो भाचा आज नातवंडांचा आजोबा आहे. झरोका कोणी उघडला, मला अजून माहीत नाही. आणि ते कळलं असतं, तरी चाचीला मी काय सांगितलं असतं?