कोबुसचं मन आन्नेकेवर

शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात काम करणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. कपड्यांना पिसं चिकटतात, तसे तेही चिकटून घरी येतात. पुण्याची मंडळी व्हिडिओ कॉलवर आधी "जेवलीस का?" विचारायची, आता "घुबड काय म्हणतंय?" विचारतात. काय म्हणणार? माझ्याशी काही म्हणत असतं तर रडायचं काय होतं!

नवरा अमित नेदरलँड्समधल्या एनस्खेडेत आयटीत, मी त्याच्या व्हिसावर आलेली. दोन वर्षं घरात बसून कंटाळले आणि सायकलच्या अंतरावरच्या या केंद्रात लागले. मालक हेंक, सहकारी आन्नेके आणि कोबुस नावाचं भलंमोठं घुबड. कोबुसला अंड्यातून बाहेर आल्यापासून माणसांनीच वाढवलंय. त्यामुळे तो स्वतःला माणूस समजतो आणि बायकोही माणसांतच शोधतो. त्याने आन्नेके शोधली. मी तिथेच उभी होते!

*

लॉकडाऊनमध्ये केंद्र आणि तिथले पक्ष्यांचे शो बंद, पण पक्ष्यांना कुठलं वर्क फ्रॉम होम? रोज सकाळी प्रत्येकाचं वजन करायचं, मग त्याला उडवायचं. आन्नेकेने "हॉप" म्हटलं की कोबुस लगेच काट्यावर चढायचा. मी "हॉप" म्हटलं की डोळे मिटायचा.

एकदा वीस मिनिटं विनवण्या करून मी हेंकला सांगितलं, "काटा बिघडलाय."

तेवढ्यात आन्नेके आली, "हॉप" म्हणाली, आणि स्वारी काट्यावर हजर.

हेंक म्हणाला, "झाला दुरुस्त!"

*

कोबुसचं आन्नेकेवर एवढं प्रेम, की स्वतःच्या वाटचं कोंबडीचं मेलेलं पिल्लू तो तिला भरवायला जायचा. घेतलं नाही तर रुसायचा. मग आन्नेके "मम्म, छान!" म्हणायची आणि पिल्लू हळूच जॅकेटच्या खिशात टाकायची.

एक दिवस ती तशीच सुपरमार्केटमध्ये गेली. दारात मास्क काढायला खिशात हात घातला, तर मास्कबरोबर पिल्लूही बाहेर! मागच्या आजोबांनी दीड मीटरचं अंतर मुकाट्याने पाच मीटर केलं.

आन्नेके हे सांगताना हसून हसून लाल झाली. मीही हसले. घरी येऊन माझे खिसे तपासले. दोन टिश्यू आणि सायकलची किल्ली.

*

मास्क सक्तीचा झाला तेव्हा मला युक्ती सुचली. अर्धा चेहरा झाकलेलाच आहे, वर आन्नेकेचं जॅकेट घातलं तर? फक्त आवाज जमायला हवा. ती कोबुसला "दाग, स्खाट!" म्हणायची, म्हणजे आपलं "काय रे, राजा!" मी स्वयंपाकघरात कुकर लावता लावता सराव सुरू केला. लाडात, वरच्या पट्टीत, दहा-बारा वेळा.

पलीकडच्या खोलीत अमितची मीटिंग चालू होती आणि माइकही. त्याच्या टीममधला एक डच म्हणाला, "अमित, नशीबवान आहेस. आमच्या घरी असं कोणी बोलत नाही."

मीटिंग संपवून अमित हसत बाहेर आला. मी खरं काय ते सांगितलं. त्याचं हसू गेलं. "मला आजवर एकदा तरी म्हणालीस का गं असं?"

दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. आणि कोबुस? त्याने ते जॅकेट बघितलं, मला बघितलं आणि सरळ पाठ फिरवली.

*

सासूबाईंना ही नोकरी पहिल्यापासून पसंत नव्हती. "घुबड? आपल्याकडे त्याचं तोंडही बघत नाहीत!"

महिन्याभराने मी कॉलवर रडवेली झाले, की कोबुस माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तर सासूबाई एकदम उसळल्या. "लक्ष्मीचं वाहन ना ते? मग त्याला माणसांची पारख नको? त्या आन्नेकेत असं काय आहे, दाखव बघू मला!"

मी फोटो दाखवला. सासूबाईंनी तो चष्मा लावून निरखला.

"दिसायला बरी आहे," म्हणाल्या, "पण तिला तुझ्यासारख्या पुरणपोळ्या येतात का?"

*

दोन आठवड्यांनी केंद्र उघडणार असं ठरलं आणि आन्नेके पॉझिटिव्ह आली. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पाचेक मिनिटं.

कारण हेंक म्हणाला, "कोबुस उडत तुझ्या हातावर आला, तर ओपनिंगचा शो तू करायचा."

अख्ख्या लॉकडाऊनमध्ये मला दुसरं काही नको होतं. मी रोज हातमोजा घालून, त्यावर मांसाचा तुकडा ठेवून उभी राहायचे. कोबुस समोरच्या खांबावर बसून आन्नेकेच्या वाटेकडे बघायचा. नऊ दिवस!

दहाव्या दिवशी आन्नेकेचा व्हिडिओ कॉल आला. "मला एकदा बघू दे ना गं त्याला." जिवावर आलं, पण फोन हातमोज्यात धरला आणि स्क्रीन त्याच्याकडे केली.

"दाग, स्खाट!" फोन म्हणाला.

कोबुस ताठ झाला. पायाजवळचं पिल्लू त्याने चोचीत उचललं, पंख पसरले आणि थेट माझ्या हातावर येऊन बसला! माझ्या हातावर! एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग तो वाकला आणि ते पिल्लू त्याने स्क्रीनवर, बरोबर आन्नेकेच्या तोंडावर ठेवलं.

"मम्म, छान!" पिल्लाखालून आवाज आला.

मागे हेंक उभा होता. त्याने सगळं बघितलं होतं. मी डोळे पुसून विचारलं, "मग शो?"

"शो तूच करायचा," हेंक म्हणाला. "फक्त फोन चार्ज करून आण."