धुरपदाबाईंनी लिहायला लावलेलं नाव

धुरपदाबाई बांगड्या भरताना हाताकडे कधी बघत नसत. समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघत, तिच्या सासूची चौकशी करत, मध्येच रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारत, आणि तेवढ्यात डझनभर बांगड्या मनगटावर चढलेल्या असत. हात एकदा दाबला की त्यांना माप कळे. पंचवीस वर्षांत भरताना आपल्या हातून एक बांगडी पिचली नाही असं त्या सांगत, आणि त्यांना खोटं पाडायला गावातली एकही बाई कधी पुढे आली नाही.

गावाचं नाव सांगत नाही. तालुका शिरूर, रस्ता पुणे-नगरचा, एवढं पुरे. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा दिवेलागणीनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. मग नव्वद सालानंतर शेजारी कारखाने उभे राहिले आणि बाजरीच्या रानात पत्र्याच्या खोल्या उगवल्या. बीड, परभणी, पार बिहारकडची माणसं आली. चार हजारांचं गाव आठ-दहा वर्षांत पंचवीस हजारांचं झालं. फोनचे बूथ वाढले, देशी दारूची दुकानं वाढली, सिमेंटची वखार झाली. दवाखाना तेवढा होता तसाच राहिला. दोन खाटा, एक कंपाउंडर आणि भिंतीवर कुटुंबनियोजनाचा तक्ता. बाई अडली की जीप करायची आणि पुण्याचा रस्ता धरायचा.

धुरपदाबाईंचे यजमान लवकर गेले. पदरी एक मुलगी, करुणा. त्यांनी डोक्यावर बांगड्यांची पाटी घेतली आणि बौद्धवाड्यातून निघून सगळं गाव पालथं घातलं. सुरुवातीला काही घरांत त्यांना पायरीखाली बसवत. त्यात आमचं घरही होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. माझी आजी त्या गेल्यावर पायरीवर पाणी टाकायची. पण बांगडी भरायची तर हात धरावाच लागतो. पायरीखाली बसवलेल्या बाईच्या हातात सासवा-सुना मुकाट्यानं आपला हात देत. पुढे आजी गेली, पायरीही गेली, आणि माझ्या बायकोच्या डोहाळजेवणाला हिरवा चुडा भरायला धुरपदाबाई माजघरात पाटावर बसल्या. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. लाजही वाटली होती.

तो हिरवा चुडा हेच त्यांचं मोठं काम. सातव्या महिन्यात ओटी भरायची, चुडा भरायचा आणि लेकीनं बाळंतपणाला माहेरी जायचं, ही रीत सगळ्यांची. कारखान्यात कंत्राटावर लागलेल्या पोराची बायकोसुद्धा बीडची एसटी धरण्याआधी त्यांच्याकडून चुडा भरून घेई. चुडा भरला की त्या तिच्या तोंडावरून हात फिरवून म्हणत, नीट जा आन् दोघं मिळून या.

अशा शेकडो लेकी त्यांनी वाटेला लावल्या. अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या स्वतःच्या करुणाला दिवस गेले. ती दौंडला दिलेली, जावई सुमित रेल्वेत. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरचंच. धुरपदाबाईंनी खोली सारवून घेतली, शेवग्याच्या खाली बाज आणून टाकली, डिंक-खारीक आणून ठेवली. मग दौंडहून निरोप आला. विहीणबाई पार्वतीबाई वाईट नव्हत्या, बोलल्याही गोडच. इथे रेल्वेचा दवाखाना आहे, मोठे डॉक्टर आहेत, तुमच्या गावात काय आहे, एवढंच त्यांनी विचारलं. धुरपदाबाईंनी बाज उचलून आत ठेवली. पुढचे आठ दिवस त्यांनी चुडा भरताना कुणाच्या सासूची चौकशी केली नाही, हे माझ्या बायकोनं मला सांगितलं.

नेमकी त्याच सुमारास आमची रुग्णालय कृती समिती निघाली. अध्यक्ष सर्जेराव. चाळीस एकर बागायत, सोसायटीचे चेअरमन आणि आवाज असा की माईकला विश्रांती. चिटणीस मी, कारण अक्षर चांगलं. आम्ही निवेदन दिलं. वरून उत्तर आलं की गावच्या नोंदवहीत जन्मच फार थोडे दिसतात, एवढ्यासाठी मोठं रुग्णालय देता येत नाही. गरज असेल तर पाहणी करून आकडे आणा.

आम्ही पाहणी केली. छापील फॉर्म काढले, पंधरा पुरुष गळ्यात समितीचे बिल्ले अडकवून घरोघर गेले आणि दारात उभं राहून खड्या आवाजात विचारत सुटले, की घरात कुणी गरोदर आहे का. सगळीकडून एकच उत्तर आलं, न्हाई. आम्ही इमानदारीत ‘निरंक’ लिहिलं. पंचवीस हजारांच्या गावात आम्हाला अकरा गरोदर बायका सापडल्या. सर्जेराव हताश होऊन म्हणाले, गुरुजी, लोकांनी पोरं काढायचं बंद केलं की काय.

ही बैठक आमच्या ओट्यावर चालली होती आणि आत धुरपदाबाई माझ्या मुलीला बांगड्या भरत होत्या. त्या पदर सावरत बाहेर आल्या. फॉर्म त्यांना वाचता येत नव्हता, म्हणून मीच आकडा सांगितला. त्या हसल्या.

“परक्या बाप्याला कोण सांगंल? दिष्ट न्हाई का लागायची?” त्या म्हणाल्या. “ह्या महिन्यात एकट्या मी एकोणतीस चुडे भरलेत. अध्यक्षांच्या घरचं काय लिवलंय?”

मी कागद चाळले. सर्जेरावांनी स्वतःच्या घरचा फॉर्म स्वतःच भरला होता. निरंक.

“मंगळवारी तुमच्या स्नेहलच्या हातात चुडा भरलाय, आबा. सातवा सरत आलाय तिचा.”

सर्जेरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी त्या दिवशी ओट्यावर बसून पाहिला. सुनेच्या हातातला हिरवागार चुडा रोज ताट वाढताना त्यांच्या नाकापुढून फिरत होता. पण अशा गोष्टी सासऱ्यानं विचारायच्या नसतात आणि सुनेनं सांगायच्या नसतात. माझंही त्यांच्याहून काही शहाणपण नव्हतं. जन्म माहेरगावी होतो, म्हणून नोंदही तिकडेच होते आणि आमची वही कोरी राहते, हे मला चार बुकं शिकूनही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बिल्ले खुंटीला लागले. धुरपदाबाई पाटी घेऊन पुढे आणि मी वही घेऊन मागे. त्या आत जात, मी बाहेर पायरीवर बसे. पायरीवर बसण्याची पाळी आता माझी होती, आणि ते त्यांनी एकदा हसत मला ऐकवलंही. आतून त्या सांगत, मी लिही. नाव, कितवा महिना, बाळंतपण कुठे. कुणी परभणीला जाणार, कुणी वरवंडला, कुणी कवठे येमाईला. बिहारच्या एका पोरीला जायला माहेरच जवळ नव्हतं. ती इथेच खोलीत बाळंत होणार होती, शेजारणीच्या भरवशावर. एकोणीस दिवसांत दोनशे चौदा नावं झाली.

वही मिटून मी उठलो, तर त्या म्हणाल्या, अजून एक राहिलंय.

“करुणा. राहणार दौंड. म्हयना सहावा.”

मी म्हणालो, बाई, ती आपल्या गावची रहिवासी नाही, फॉर्मात बसत नाही. साहेब हरकत घेतील.

“बाळंतपण कुठं, ह्या रकान्यात लिवा, हितं,” त्या म्हणाल्या. “ह्या समद्या हितनं जायाच्या हायेत. माझी एक यायची हाय. लिवा, गुरुजी.”

मी लिहिलं. दोनशे पंधरा.

पुण्याला आरोग्य खात्याच्या सुनावणीला आम्ही जीपनं गेलो. सर्जेराव पुढे, धुरपदाबाई मागे, वही त्यांच्या मांडीवर. साहेब माणूस थकलेला होता, पण वही त्यांनी नीट वाचली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलंच, की ही दौंडची बाई यात कशी. मी घाबरून काहीतरी सांगायला लागलो. सर्जेराव खाकरले. धुरपदाबाई उठून उभ्या राहिल्या.

“साहेब, आमच्या गावाच्या बी लेकी हायेत की. दिल्या घरी हायेत. दवाखाना न्हाई म्हून त्या बाळंतपणाला येत न्हाईत, आन् येत न्हाईत म्हून तुमच्या वहीत दिसत न्हाईत. त्यांचं म्हायेर बंद पडलंय.”

साहेबांनी वहीची झेरॉक्स काढायला सांगितली. येताना सर्जेरावांनी जीपमध्ये पुढची जागा धुरपदाबाईंना दिली आणि स्वतः मागे माझ्या मांडीला मांडी लावून गुपचूप बसले.

धुरपदाबाईंच्या त्या एका वाक्यानं रुग्णालय मंजूर झालं असं मी म्हणणार नाही. त्यानंतर दोन मोर्चे झाले, एक रास्ता रोको झाला, तीन वेळा फाइल हरवली आणि चार वेळा सापडली. करुणाचं पहिलं बाळंतपण दौंडलाच झालं, मुलगा झाला, सगळं सुखरूप. धुरपदाबाई बारशाला गेल्या, पाहुणीसारख्या बसल्या आणि पाहुणीसारख्या परत आल्या. आल्यावर महिनाभर त्यांनी समितीचं नाव काढलं नाही. मग एके दिवशी स्वतःच विचारलं, फाइल कुठवर आली.

दोन हजार चारला तीस खाटांचं रुग्णालय सुरू झालं. शस्त्रक्रियेची खोली, लेडी डॉक्टर, सगळं. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता दौंडहून निरोप आला. पार्वतीबाईंनीच धाडला होता. करुणाला पुन्हा दिवस गेलेत, सातवा लागलाय, या वेळी लेकीला घेऊन जा.

करुणा आली, आणि तिचा चुडा आईच्या हातून म्हणून माहेरीच भरायचं ठरलं. त्या दिवशी मला मुद्दाम बोलावणं होतं. बायकांचा कार्यक्रम, म्हणून मी बाहेर बाजेवरच बसलो. तीच ती बाज, शेवग्याखालची. ओसरीवर बाया जमल्या होत्या, स्नेहल आपल्या मुलीला घेऊन आली होती. करुणा पाटावर बसली. धुरपदाबाईंनी तिचा हात हातात घेतला, दाबला, माप पाहिलं आणि भरायला सुरुवात केली. त्या बोलत नव्हत्या. कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. मान खाली घालून लेकीच्या हाताकडेच बघत होत्या.

टिचकन आवाज झाला. बांगडी पिचली.

करुणानं घाबरून विचारलं, आई, तुला लागलं का.

“न्हाई गं,” धुरपदाबाई म्हणाल्या. “दुसऱ्यांच्या लेकी वाटंला लावताना हाताकडं कवा बघितलंच न्हाई. आज तू आलीस, तर बघावंसं वाटलं.”

मग त्यांनी काचा पदरात गोळा केल्या, दुसरी बांगडी घेतली आणि पुन्हा हाताकडे बघतच भरायला लागल्या.