दस्तगीरभाईंच्या हाताची तपासणी

मी डॉक्टर नाही. फिजिओथेरपिस्टही नाही. मेंदूच्या दुखापतीबद्दल चार ओळी लिहायचा मला काय अधिकार, असं म्हणत हा कागद मी तीनदा बाजूला ठेवला. ज्यांना यातलं खरं कळतं त्यांनी माफ करावं. जे माझ्यासमोर घडलं तेवढंच सांगतो. त्यातलं सगळं मला आज तरी समजलं आहे, असंही नाही.

दस्तगीरभाई माझ्यासमोर स्टुलावर बसले होते. मी म्हणालो, "आता हातात ब्रश आहे असं समजा आणि दात घासून दाखवा."

त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट दातांवर ठेवलं आणि खसाखसा घासून दाखवलं.

मी फॉर्मवर शून्य मांडलं.

त्या वेळी मी कोल्हापुरात मानसशास्त्रात एम.ए. करत होतो. गाव मुरगूड. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील विचारायचे, "म्हंजे तू नेमका कसला डाक्टर हुनार?" आणि मला ते नीट सांगता यायचं नाही. सकाळच्या वेळात मी एका दवाखान्यात डॉ. सोमण मॅडमच्या हाताखाली काम करायचो. मॅडम मुंबईत शिकलेल्या. डोक्याला मार लागून बरे झालेले पेशंट त्यांच्याकडे यायचे. त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारं कुणीतरी हवं, म्हणून मला ठेवलं होतं.

माझं काम हाताच्या हालचालींची पहिली तपासणी. मेंदूला मार बसला की कधीकधी एक विचित्र गोष्ट होते. हातात ताकद असते. कानाला ऐकू येतं. सांगितलेलं कळतंही. पण "सलाम करून दाखवा" म्हटलं की हाताला ते जमत नाही. मधला निरोप कुठेतरी हरवतो. याला अॅप्रॅक्सिया म्हणतात. तो शोधायला आमच्याकडे बारा कामांची यादी होती. दात घासा, केस विंचरा, कुलूप उघडा, खिळा ठोका, सलाम करा. सगळं नुसत्या हातानं, वस्तू नसताना. बरोबर आलं तर दोन, अर्धवट आलं तर एक, चुकलं तर शून्य.

यादीच्या खाली मॅडमनी लाल पेन्सिलनं एक नियम लिहिला होता. पेशंटनं वस्तू धरल्यासारखं न करता हाताचीच वस्तू केली, म्हणजे बोटाचाच ब्रश केला, तर ती चूक धरायची.

म्हणून मी शून्य मांडलं.

दस्तगीरभाई लेथवर टर्नर होते. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून त्याला हत्यारानं आकार द्यायचं मशीन. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांची अठरा वर्षं गेली होती. उचगावला घरी जाताना ट्रकचा धक्का लागून ते सायकलीवरून पडले. डोक्याला डाव्या बाजूनं मार. दोन महिन्यांनी चालू-बोलू लागले. मालकाचं म्हणणं सरळ होतं : दवाखान्यानं 'मशीनवर काम करायला फिट' असं लिहून दिलं तर या, नाहीतर नको. घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं.

केस विंचरायला सांगितले तर त्यांनी बोटंच केसांतून फिरवली. शून्य. कुलूप उघडताना मूठ आधी फिरली आणि मग पुढे गेली, किल्ली घालायच्या आधीच फिरवावी तशी. सलाम करताना हात छातीवर गेला, मग कानाशी, मग पुन्हा छातीवर. मला वाटलं, माणूस लाजला. दोन्हींना एकेक गुण दिला. बेरीज फार कमी आली.

दाराशी त्यांच्या पत्नी हसीनाभाभी बसल्या होत्या. माझी पेन्सिल त्या बघत होत्या. म्हणाल्या, "साहेब, एक बोलू काय? आमच्या घरात बुरूस न्हाईच. राखुंडी घेत्यात आन् बोटानं घासत्यात. बुरूस कुठनं दाखवनार त्ये?"

मीही हॉस्टेलला येईपर्यंत राखुंडीनं बोटानंच दात घासत होतो. पहिला ब्रश घेतला तो कॉलेजच्या पहिल्या वर्षी, तोही रूममेट हसला म्हणून. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी शून्य मांडलं होतं.

व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक बसलेले असत. चांगली धडधाकट माणसं. मी एकेकाला विचारत गेलो. दात घासून दाखवा. बहुतेकांचं बोट थेट तोंडात. कागलकडचे एक आजोबा मात्र चिडले. "पावणं, येड्यांचा दवाखाना हाय काय ह्यो? सकाळी घासल्यात की!"

मी मॅडमकडे गेलो.

"मॅडम, ती बोटाची चूक चूक नाही."

"कुणी सांगितलं?"

"मी स्वतः... कॉलेजला येईपर्यंत बोटानंच."

मॅडमनी फॉर्म पुढे ओढला. "मग शून्य का मांडलंस?"

"आपण लिहिलं होतं म्हणून."

"मी लिहिलेलं वाचायला तुला ठेवलेलं नाही. मला जे माहीत नाही ते तुला माहीत असेल म्हणून ठेवलंय." मग फॉर्म परत देत म्हणाल्या, "त्यांच्या वर्कशॉपमध्ये जा. त्यांच्या मशीनवर, त्यांच्या हत्यारांनी काम करू दे. शेजारी माहीतगार माणूस उभा कर. बघून ये."

जाताना माझ्या मनात शंका उरली नव्हती. कँटीनमध्ये दस्तगीरभाईंनी बशीत चहा ओतून न सांडता प्यायला होता. काडी ओढून बिडी पेटवली होती. सदऱ्याची गुंडी लावली होती. माणूस ठणठणीत होता. चूक आमच्या यादीची होती आणि ती मी पकडली होती. खोटं कशाला सांगू, थोडा फुगलोही होतो.

वर्कशॉपचे मुख्य कारागीर म्हणजे बापू मिस्त्री. पन्नाशीचा माणूस, आवाज लेथच्या वर चढणारा. "या पावणं, या. कागदावर काय बघतासा? आमचा वाघ हितं बघा."

दस्तगीरभाईंनी मशीनवरून एकदा फडकं फिरवलं. लोखंडी तुकडा, ज्याला तिथं जॉब म्हणतात, तो चक नावाच्या फिरत्या पकडीत बसवला, आवळला. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. जॉब फिरू लागला. उजव्या हातानं हँडल इतकं सावकाश फिरत होतं की हात हलतोय असं वाटेचना. लोखंडाची निळसर साल वळत वळत खाली पडू लागली. मी फॉर्मवर दोन गुण मांडले. एवढ्यात बापू मिस्त्रींना मला जॉब दाखवायची हौस आली.

"दस्त्या, बंद कर रे. पावण्यास्नी जॉब बघू दे."

"करतो," दस्तगीरभाई म्हणाले.

त्यांचा हात उठला आणि हवेत थांबला. मग हँडलवर गेला. तिथून परत आला. हत्यारावर गेला. डोळे बंद करायच्या लाल बटणावर होते, आणि हात बटण सोडून सगळीकडे जात होता.

"बंद कर की!"

"करतो की!"

फिरत्या चकपासून त्यांची बोटं वीतभरच लांब राहिली होती. बापू मिस्त्रींनी मधे हात घालून बटण दाबलं. मशीन थांबलं.

"चेष्टा करतोयस व्हय रं?"

दस्तगीरभाई हसले. कपाळावर घाम होता. त्यांनी पुन्हा मशीन चालू केलं, उरलेली साल काढली आणि काम झाल्यावर, कुणी न सांगता, लाल बटण स्वतःच दाबलं. अगदी सहज.

यातलं खरं कुठलं, ते मला कळेना. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हात तोच, बटण तेच, मधे दोन मिनिटंसुद्धा गेली नव्हती.

परत येऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाच तो अॅप्रॅक्सिया. आपणहून करायला गेलं की जमतं, दुसऱ्यानं सांगितलं की अडतं. चहा पिताना बघून तू फसलास."

"मग बोटानं दात घासले ते?"

"ती खरंच चूक नव्हती. पण सलाम करताना हात भरकटला, कुलपाचं उलटसुलट झालं, त्या चुका खऱ्या होत्या. त्यांना तू लाजणं म्हणालास."

म्हणजे जिथं काही नव्हतं तिथं मी शून्य मांडलं, आणि जिथं होतं तिथं माणुसकीनं गुण दिले.

"फिट लिहायचं की अनफिट?" मी विचारलं.

"पाहिलंस तू. तूच सांग."

मी लिहिलं : काम उत्तम येतं, पण ऐनवेळी सांगितलेलं हातून होत नाही. मॅडमनी वाचलं. "मालक हे वाचणार नाही. तो खालचा एक शब्द वाचणार." खाली 'फिट' आणि 'अनफिट' असे दोनच शब्द छापलेले होते; त्यातला एक खोडायचा. मी 'फिट' खोडलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, असं लिहिलं. मॅडमनी सही केली.

कागद दस्तगीरभाईंच्या हातात मीच दिला. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले.

"मोजा. धाच्या धा हाईत. अठरा वर्सांत किती जनांची बोटं गेल्याली बघितली. माजं नखबी न्हाय गेलं. आनी तुमी एका वळीत काट मारलासा?"

"तीन महिन्यांनी नक्की या," एवढंच म्हणालो. हसीनाभाभींनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि त्या उठल्या.

तीन महिन्यांनी ते आले नाहीत. मी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. मालकानं त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला, एवढं कळलं. मॅडमनी यादी बदलली. दात घासणं आणि केस विंचरणं काढून टाकलं, चहात साखर ढवळणं आणि विळ्यानं गवत कापणं घातलं. मी एम.ए. झालो आणि त्याच दवाखान्यात राहिलो. कुणाचा हात सलामात अडखळला की गुण देताना माझी पेन्सिल आजही थांबते.

वर्ष-दीड वर्षानं बापू मिस्त्री पुतण्याच्या हाताचं प्लास्टर काढायला दवाखान्यात आले. मी धावतच गेलो.

"दस्तगीरभाईंचं काय झालं?"

"दस्त्या? शिरोलीकडं एका शेडात हाय की. लेथवरच."

"लेथवर? कागदाशिवाय?"

"तितं कोन मागतंय कागद?"

"आणि हात?"

"ब्येस हाय. धाबी बोटं जाग्यावर. त्येनं पयल्याच दिवशी शेजारच्या गड्याला सांगून ठेवलंय, 'कायबी झालं तर मला वरडू नगंस, सरळ मेन स्विच पाड.' मला म्हनला, 'मिस्त्री, माज्या कानाचं आन् हाताचं भांडान लागलंय. त्येंचं मिटंपतोर दुसऱ्याचा हात वापरायचा.'"

मी म्हणालो, "त्यांना हे कसं उमगलं? आम्ही तर काहीच..."

"सोताच हुडकलं. पर तुमची आठवन काडत हुता," बापू मिस्त्री म्हणाले. "म्हनला, 'पोरगं वाईट नव्हतं. मशीनवर काय बघितलं त्ये डाक्टरीनबाईला सांगितलं, मालकाला लिवून दिलं. मलाच तेवढं सांगायचं ऱ्हायलं त्येचं.'"